अदृश्य बाष्पाचे अनुमान

हवेतील बाष्प डोळ्यांना दिसत नाही, म्हणून त्याचे मोजमाप प्रत्यक्ष मानावे की अनुमान, हा प्रश्न न्यायदर्शनाच्या कक्षेतला आहे. ते मोजण्याची एक रीत पाहा: जीपीएस उपग्रहाचा संकेत वातावरणात मंदावतो. समुद्रसपाटीवर कोरड्या हवेमुळे होणारा विलंब, संकेत थेट माथ्यावरून आल्यास, अंतराच्या मापात सुमारे २.३ मीटर भरतो, तर बाष्पाचा वाटा काही सेंटिमीटरांपासून सुमारे ४० सेंटिमीटरांपर्यंतच असतो. वायुदाबावरून पहिला भाग काढून वजा केला, की उरलेल्या विलंबावरून बाष्प ठरवतात. हे कार्यावरून कारणाचे, म्हणजे ‘शेषवत्’ अनुमान होय. पुरावरून वरच्या अंगाचा पाऊस ओळखावा, हे त्याचे न्यायसूत्रांचा भाष्यकार वात्स्यायन याने दिलेले उदाहरण. परंतु नदी प्रवाह अडवल्यानेही फुगते, हा न्यायसूत्रांतलाच आक्षेप अधिक मोलाचा, कारण हवामानशास्त्रज्ञाचे बरेचसे कष्ट अशी इतर कारणे वगळण्यातच खर्ची पडतात.