निवृत्तीचे वय आणि कायद्याचे राज्य

हंगेरीत १ जानेवारी २०१२ रोजी नवी राज्यघटना लागू झाली. तिच्यासोबत आलेल्या कायद्याने न्यायाधीशांच्या निवृत्तीचे वय ७० वरून ६२ वर आणले. बासष्ट हे वय कोणाला खटकणार? आपल्याकडे उच्च न्यायालयाचे न्यायाधीश त्याच वयाला निवृत्त होतात. सरकारचा खुलासाही साधा होता: इतर सरकारी नोकरांना जो नियम, तोच न्यायाधीशांना. पण या एका आकड्याने वर्षभरात दोनशेहून अधिक न्यायाधीशांची खुर्ची गेली. अर्थातच ते सर्वांत अनुभवी होते आणि त्यांतले अनेक जण न्यायालयांच्या प्रशासनाच्या वरच्या पायऱ्यांवर होते. रिकाम्या झालेल्या जागा भरण्यात निर्णायक शब्द एका नव्या कार्यालयाच्या अध्यक्षांचा होता, आणि त्या अध्यक्षांची निवड सत्ताधाऱ्यांचे दोन तृतीयांश बहुमत असलेल्या संसदेने केली होती.

युरोपीय आयोगाने हंगेरीला युरोपीय संघाच्या लक्झेंबर्गमधल्या न्यायालयात खेचले. पण कोणत्या मुद्द्यावर? न्यायव्यवस्थेच्या स्वातंत्र्यावर नव्हे. नोकरीत वयावरून भेदभाव करू नये असा युरोपीय संघाचा एक कायदा आहे, त्याच्या आधारे. ६ नोव्हेंबर २०१२ रोजी हंगेरी हरली, कायदा बदलावा लागला, नुकसानभरपाईची सोय झाली. मात्र तोवर बहुतेक जागांवर नवी माणसे बसली होती. जुन्यांपैकी फार थोडे आपल्या मूळ पदावर परतले. कागदोपत्री आयोग जिंकला आणि प्रत्यक्षात सरकारला हवे होते ते सरकारला मिळाले.

युरोपात कायद्याच्या राज्यावर देखरेख कशी ठेवावी, या वादाचे मर्म मला या प्रकरणात दिसते. गेली पंधरा वर्षे तिथे निकष कोणते, अहवाल कोणी लिहावा, शिक्षा काय द्यावी यावर चर्चा चालू आहे. ती आवश्यकच आहे. पण माझ्या मते त्याहून मोलाचे प्रश्न दोन आहेत. सुटे सुटे निर्दोष दिसणारे कायदे एकत्र आल्यावर काय करतात, हे कोण पाहतो? आणि नुकसान पक्के होण्याआधी हात घालण्याचा अधिकार कोणाकडे आहे?

पहिल्या प्रश्नासाठी आंद्राश बाका यांचे उदाहरण पुरेसे आहे. ते हंगेरीच्या सर्वोच्च न्यायालयाचे अध्यक्ष होते आणि त्यांनी सरकारच्या न्यायविषयक सुधारणांवर जाहीर टीका केली. नव्या राज्यघटनेत त्या न्यायालयाचे नाव बदलले आणि नाव बदलले म्हणून अध्यक्षांची मुदतही साडेतीन वर्षे आधी संपली. नव्या अध्यक्षासाठी अट आली: देशात न्यायाधीश म्हणून किमान पाच वर्षांचा अनुभव. बाकांनी स्ट्रासबर्गच्या मानवाधिकार न्यायालयात सोळा वर्षांहून अधिक काळ न्यायाधीश म्हणून काम केले होते, पण तो अनुभव या अटीत बसत नव्हता. पाच वर्षांची अट नुसती वाचली तर कोणीही मान डोलावेल. ती कोणाला बाहेर ठेवते हे पाहिले की तिचा हेतू उघड होतो. स्ट्रासबर्गने जून २०१६ मध्ये बाकांच्या बाजूने निर्णय दिला. तोपर्यंत त्यांची मूळ मुदत केव्हाच सरली होती.

अमेरिकी अभ्यासक किम लेन शेपेली यांनी अशा राज्याला फ्रँकेनस्टाइनच्या कथेवरून नाव दिले आहे. प्रत्येक अवयव कुठल्या ना कुठल्या सभ्य लोकशाहीतून घेतलेला, आणि जोडून उभे राहते ते मात्र अक्राळविक्राळ. पोलंडने २०१७च्या अखेरीस न्यायाधीश परिषदेचे पंधरा न्यायाधीश-सदस्य निवडण्याचा अधिकार न्यायाधीशांकडून काढून संसदेच्या कनिष्ठ सभागृहाला दिला, तेव्हा तिथल्या मंत्र्यांचे उत्तर तयार होते: स्पेनमध्येही संसदच निवडते, जर्मनीत संघीय न्यायाधीश निवडणाऱ्या समितीत राजकारणीच बसतात. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. पण स्पेनमध्ये तीन पंचमांश बहुमत लागते, म्हणजे विरोधकांना बरोबर घ्यावेच लागते. (त्याचीही किंमत आहे. दोन मोठ्या पक्षांचे न जमल्याने स्पेनची परिषद २०१८ ते २०२४ मुदत संपलेल्या अवस्थेत चालली, आणि अखेर आयोगाच्या मध्यस्थीने तोडगा निघाला.) पोलंडमध्ये मोठे बहुमत न जमल्यास साध्या बहुमताची पळवाट होती, आणि त्याच सरकारने घटनात्मक न्यायाधिकरण आधीच ताब्यात घेतलेले होते. कलम तेच असले तरी भोवतालची व्यवस्था वेगळी होती.

मराठी वाचकाला हा धोका अनोळखी वाटू नये. ४ नोव्हेंबर १९४८ रोजी घटनेचा मसुदा मांडताना डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी संविधान सभेला हेच बजावले होते: घटनेच्या रूपाला हात न लावता, केवळ प्रशासनाचे स्वरूप बदलून तिचा आत्मा बिघडवता येतो. म्हणून त्यांनी प्रशासनाचा तपशीलही घटनेत घातला आणि त्याबद्दलची टीका सोसली. युरोपीय करार लिहिणाऱ्यांनी ही काळजी फारशी केली नाही. १९९३च्या कोपनहेगन निकषांनी संघाच्या दारात उभ्या असलेल्या देशाची कसून परीक्षा घेतली. आत आल्यावर तो देश बिघडला तर काय, याचा विचार त्या मानाने तोकडा राहिला.

करारात कलम ७ आहे, पण त्याबद्दल फार बोलण्यासारखे नाही. सदस्य देशाचा मताधिकार काढून घेण्यापूर्वी उरलेल्या सगळ्यांचे एकमत लागते. पोलंडविरुद्ध डिसेंबर २०१७ मध्ये आणि हंगेरीविरुद्ध सप्टेंबर २०१८ मध्ये हे कलम उगारले गेले. दोघे एकमेकांची पाठराखण करणार हे सर्वांना ठाऊक होते.

मग आला वार्षिक अहवाल. सप्टेंबर २०२० पासून आयोग दरवर्षी सर्व सदस्य देशांची न्यायव्यवस्था, भ्रष्टाचारविरोधी यंत्रणा, माध्यमांची बहुविधता आणि सत्तेवरचे संस्थात्मक अंकुश या चार अंगांनी तपासणी करतो. २०२२ पासून शिफारशीही असतात. सगळ्यांना एकच फूटपट्टी लावण्यात न्याय आहे, कारण केवळ पूर्वेकडच्या देशांना आरोपी ठरवले जाते ही तक्रार पूर्णपणे निराधार नव्हती. २००७ मध्ये संघात आलेल्या बल्गेरिया आणि रुमानियावर वेगळी देखरेख बसवली गेली आणि ती २०२३ पर्यंत चालली, तर जुन्या सदस्यांकडे असे कोणी पाहिले नव्हते. माल्टात २०१७ मध्ये डॅफ्ने कारुआना गालिझिया या पत्रकार महिलेची गाडीत बॉम्ब ठेवून हत्या झाली, तेव्हा आजार एका दिशेपुरता नाही हे उमगले. तरीही मला अहवालाची पद्धत अपुरी वाटते. खटले रेंगाळणे आणि न्यायालय काबीज होणे ही दुखणी एकाच जातीची नाहीत. सारख्याच प्रकरणांत, सारख्याच मुत्सद्दी भाषेत ती मांडली की वाचणाऱ्याच्या नजरेत त्यांचे वजनही सारखे होऊ लागते. शिवाय अहवाल वर्षातून एकदा येतो, आणि न्यायाधीश घरी पाठवायला एक अधिवेशन पुरते.

खरी दिशा दाखवली पोर्तुगालच्या न्यायाधीशांनी, आणि तीही खटला हरून. आर्थिक काटकसरीत पगार कापले म्हणून त्यांच्या संघटनेने दावा लावला होता. २७ फेब्रुवारी २०१८ रोजी लक्झेंबर्गच्या न्यायालयाने सांगितले की ही कपात न्यायिक स्वातंत्र्याला धक्का देत नाही. पण त्याच निकालात एक तत्त्व घालून दिले: ज्या राष्ट्रीय न्यायालयांपुढे युरोपीय कायद्याचे प्रश्न येऊ शकतात ती स्वतंत्र ठेवणे हे प्रत्येक सदस्य देशावर बंधनकारक आहे. आता वयाचा किंवा नोकरीचा आडमार्ग धरण्याची गरज उरली नाही.

काही महिन्यांतच याची कसोटी लागली. पोलंडने सर्वोच्च न्यायालयाच्या न्यायाधीशांचे निवृत्तीचे वय ७० वरून ६५ वर आणले. हंगेरीचीच युक्ती. जुलै २०१८ मध्ये एक तृतीयांशाहून अधिक न्यायाधीश बाहेर जायच्या बेतात होते. त्यांत अध्यक्षा माउगोझाता गेर्सदोर्फही होत्या, ज्यांची सहा वर्षांची मुदत घटनेनेच दिली होती. सरकारच्या लेखी निवृत्त झाल्यावरही त्या दुसऱ्या दिवशी नेहमीप्रमाणे न्यायालयात कामावर आल्या आणि बाहेर लोक त्यांच्यासाठी उभे होते. ऑक्टोबरात लक्झेंबर्गने अंतरिम आदेश दिला: अंतिम निकालापर्यंत जैसे थे. वर्ष संपण्याच्या आत पोलंडच्या संसदेने कायदा मागे घेतला आणि न्यायाधीश आपल्या जागी परतले. अंतिम निकाल जून २०१९ मध्ये आला. तोवर मूळ काम झालेले होते. सहा वर्षांपूर्वी हंगेरीत जे साधले नाही ते इथे साधले, कारण प्रश्न थेट विचारता आला आणि स्थगिती वेळेत मिळाली.

पोलंडच्या सरकारलाही हे कळले. म्हणूनच पुढचा घाव प्रश्न विचारणाऱ्यांवर होता. लक्झेंबर्गकडे प्रश्न पाठवणाऱ्या, नव्या नेमणुकांवर शंका घेणाऱ्या न्यायाधीशांवर शिस्तभंगाच्या कारवाया सुरू झाल्या. ११ जानेवारी २०२० रोजी वॉर्सात अनेक युरोपीय देशांतून आलेले न्यायाधीश आपापले झगे घालून पोलिश सहकाऱ्यांसोबत रस्त्यावर चालले. न्यायाधीशाने मोर्चात यावे का, यावर मतभेद होऊ शकतात. आपल्याच न्यायासनाचे स्वातंत्र्य पणाला लागले असताना त्यांनी यायलाच हवे होते, असे मी मानतो. पुढे अशा कारवाया हाताळणारा शिस्तपालन कक्ष बंद करण्याचा आदेश न पाळल्याबद्दल ऑक्टोबर २०२१ मध्ये पोलंडला रोज दहा लाख युरोंचा दंड लागला.

पैशाचे हत्यार तेव्हापासून लोकप्रिय झाले. संघाच्या निधीला धोका असेल तर तो रोखण्याचा नियम २०२१ पासून लागू झाला आणि डिसेंबर २०२२ मध्ये हंगेरीचे सुमारे ६.३ अब्ज युरो अडवले गेले. पैसा हलवतो हे खरे. पण तो राखणदाराच्या हाती असला की सौद्याचा संशय आलाच. १३ डिसेंबर २०२३ रोजी आयोगाने न्यायविषयक सुधारणा पुऱ्या झाल्या असे सांगून हंगेरीचे वेगळे सुमारे १०.२ अब्ज युरो मोकळे केले. दुसऱ्याच दिवशी युक्रेनच्या प्रवेश-वाटाघाटींचा निर्णय होताना हंगेरीचे पंतप्रधान व्हिक्टर ओर्बान बैठकीतून उठून बाहेर गेले आणि उरलेल्यांचे एकमत झाले. दोन्हींचा संबंध नाही असे आयोगाचे म्हणणे होते. ते युरोपीय संसदेलाही पटले नाही. तिने मार्च २०२४ मध्ये आयोगावरच दावा लावला. दुसरीकडे, विश्वस्त संस्थांकडे सोपवलेल्या हंगेरियन विद्यापीठांना इरॅस्मससारख्या योजनांतून नवा निधी मिळणे बंद झाले. सरकारच्या करणीची झळ तिथे विद्यार्थ्यांना बसली.

आक्षेप गंभीर आहे: लोकांनी निवडलेल्या सरकारला बाहेरचे, न निवडलेले लोक कसे विचारणार? याला आयर्लंडमधल्या एका प्रकरणाने उत्तर दिले. २०१७ मध्ये पोलंडला हवा असलेला एक संशयित तिथे पकडला गेला. युरोपीय अटक वॉरंटनुसार त्याला सोपवायचे, तर त्याला पोलंडमध्ये निष्पक्ष न्यायालय मिळेल का, असे डब्लिनच्या न्यायालयाने लक्झेंबर्गला विचारले. उत्तर आले की व्यवस्थेतील दोष पुरेसा नाही, त्या व्यक्तीला खरा धोका आहे का हेही तपासा. शेवटी त्याला सोपवले गेले. पण प्रश्न वाजवीच होता. एका देशाचा निकाल दुसऱ्या देशात चालतो, तिथे पहिल्या देशाचे न्यायालय ही दुसऱ्याच्या नागरिकाचीही बाब असते.

ऑक्टोबर २०२३ मध्ये पोलंडच्या मतदारांनी सत्ता बदलली. आयोगाने फेब्रुवारी २०२४ मध्ये मुख्यतः कृती-आराखड्याच्या भरवशावर निधीचा मार्ग खुला केला आणि मेअखेरीस कलम ७ची कारवाई मागे घेतली. कायदे मात्र बदललेले नव्हते, कारण राष्ट्राध्यक्ष जुन्या पक्षाच्या बाजूचे होते. वादग्रस्त परिषदेच्या शिफारशीवरून नेमलेले दोन हजारांहून अधिक न्यायाधीश आजही प्रश्न होऊन बसले आहेत. त्यांना सरसकट एका कायद्याने घालवणे योग्य नाही, असे घटनाविषयक सल्ला देणाऱ्या व्हेनिस आयोगाने २०२४ मध्ये सांगितले, आणि ते बरोबर आहे: नाहीतर पुढचे सरकारही तेच करील. एकेका नेमणुकीचा विचार करायला वर्षे लागतील. दरम्यान त्या न्यायाधीशांनी दिलेल्या घटस्फोटांचे, वारसांच्या वाटण्यांचे, कर्जवसुलीच्या हुकुमांचे काय करायचे, हे पोलंडच्या पक्षकारांना अजून कोणी निश्चित सांगितलेले नाही. ब्रसेल्सने आपली फाइल बंद केली आहे. माझ्या मते ती या लोकांना उत्तर मिळेपर्यंत उघडी राहायला हवी होती.