शेवटच्या कडव्यातलं नाव

ज्यांनी आयुष्यभर ‘मीपण टाका’ म्हणून सांगितलं, त्या संतांनी प्रत्येक अभंगात स्वतःचं नाव का घातलं? आमच्या गावच्या वाचनालयात मी अभंग वाचायला आणि लिहायला शिकवते. तिथे एका माळकरी आजोबांनी हे विचारलं, आणि तेव्हापासून हा प्रश्न माझा झाला आहे.

उत्तर मला आधी रचनेतच शोधावंसं वाटतं. मोठ्या अभंगाच्या कडव्याला चार चरण. पहिले तीन सहा-सहा अक्षरांचे, चौथा चारच अक्षरांचा, यमक दुसऱ्या-तिसऱ्याचं. जोडाक्षर एकच धरायचं. शेवटच्या कडव्यात नाममुद्रा येते. ‘तुका म्हणे’ ही चार अक्षरं झाली की पहिल्या चरणात उरतात दोन. ‘नामा म्हणे’, ‘चोखा म्हणे’ यांचंही तेच. नाथांची ‘एका जनार्दनी’ मात्र नेमकी सहा अक्षरांची. गुरूंचं नाव आपल्या नावाला जोडलं आणि चरण भरला! बहुतेक वेळा मुद्रा कडव्याच्या तोंडाशीच असते. कवी नाव सांगतो, आणि मग उरलेली अठरा अक्षरं त्याला त्या नावानिशी बोलावी लागतात. शेवटचा शब्द त्याच्या नावाचा नसतो. मालकी सांगायची असती तर नाव असं मध्येच ठेवून कोणी पुढे गेलं नसतं. मला ही साक्षीदाराची जागा वाटते: आधी नाव, मग जबानी.

चोखोबांचा विचार केला की ‘अहंकार’ हा शब्द तोंडातून निघत नाही. 1338 मध्ये मंगळवेढ्याला गावकुसाची भिंत कोसळून ते गेले. त्यांची समाधी पंढरपुरात महाद्वारासमोर आहे, म्हणजे देवळाच्या बाहेर. त्या देवळाचं दार दलितांना उघडायला 1947 साल उजाडलं, त्यासाठी साने गुरुजींना उपोषण करावं लागलं. माणूस उंबऱ्याबाहेर, पण त्याचं नाव मात्र भजनात साऱ्या जातींच्या तोंडी. ती चार अक्षरं गळली असती तर हे बोल ‘कुण्या संताचे’ झाले असते आणि कोणाला बाहेर ठेवलं होतं तेही पुसलं गेलं असतं. चोखोबांच्या पत्नी सोयराबाई तर नात्यानेच ओळख देतात, चोख्याची महारी म्हणून. जात लपवली नाही, नातंही लपवलं नाही.

आजोबांना हे पटलं, पण ते अडले तुकोबांपाशी. बोलवणारा विठ्ठल आहे, आपलं काही नाही, असं तुकोबा पुन्हा पुन्हा सांगतात. मग ‘तुका’ कशाला? मला यात विरोध दिसत नाही. शब्द देवाचे म्हटले की माणसाला जबाबदारीतून सुटायची सोय होते. तुकोबांनी ती घेतली नाही. देणं देवाचं, आणि त्यातलं एकही अक्षर चुकलं तर जाब आपल्याला, असं ते नाव सांगतं.

म्हणून लिहायला बसलेल्यांना मी मुद्रा घालायलाच लावते. वर्गातल्या एका मुलीने आईवर कडवं लिहिलं होतं. त्यात त्याग, माया, देवता सगळं होतं, अक्षरंही चोख. नाव घाल म्हटल्यावर ती लाजली. सोयराबाईंसारखं नातं चालेल का, म्हणाली. पुढच्या वेळी तिने हे आणलं:

लेक म्हणे आई । चूल फुंकताना ।
डोळे पुसताना । हसे थोडी ॥

त्याग आणि देवता दोन्ही गेले होते. ‘लेक म्हणे’ लिहिल्यावर ते शब्द खोटे वाटायला लागले, असं ती म्हणाली; मी असं म्हणतच नाही कधी आईला. वर्गातल्या एकाने ‘थोडी’च्या जागी ‘गोड’ बसवून पाहिलं. अक्षरं बरोबर चारच भरली. चौथ्या चरणाला यमकाचं बंधन नाही, तेव्हा तसंही चाललं असतं. पण ती ऐकेना. आई थोडीच हसते, म्हणाली.