पस्तिशीनंतर डॉक्टर होणे : प्रश्न वयाचा की हक्कांचा?

समजा, तुमचे वय 35 आहे. दहा-बारा वर्षे तुम्ही परिचारिका म्हणून नोकरी करीत आहात, किंवा औषधांचे दुकान चालवीत आहात. डॉक्टर व्हायचे हे बारावीतच मनात होते. पण वडिलांचे आजारपण, धाकट्या बहिणींची लग्ने यांत ते राहून गेले. 2022 साली राष्ट्रीय वैद्यक आयोगाने नीट परीक्षेची कमाल वयोमर्यादा काढून टाकली आणि जुनी इच्छा पुन्हा जागी झाली. कायद्याचे दार उघडे आहे. मग अल्लाहसमोर उत्तर द्यावयाचे आहे, हे ध्यानात ठेवून तुम्ही हा निर्णय कसा घ्याल?

वयाचा मुद्दा लवकर निकालात निघतो. नेतृत्व अंगावर येण्यापूर्वी धर्माची जाण मिळवा, हा हजरत उमर (रजि.) यांचा उपदेश नोंदवून इमाम बुखारी (रह.) लगेच आपली पुस्ती जोडतात, की नेतृत्व आल्यानंतरही शिकावे, कारण प्रेषितांच्या (स.) साथीदारांनी वय झाल्यावरही ज्ञान मिळवले होते. अबू बकर अल-कफ्फाल अल-मरवजी (रह.) हे मुळात कुलुपे घडवणारे कारागीर. (अरबीत कुलपाला 'कुफ्ल' म्हणतात, आपला मराठी शब्द तिथूनच आला.) तिशीच्या सुमारास त्यांनी फिक्हचा अभ्यास आरंभला आणि पुढे ते खुरासानातील शाफई विद्वानांचे अग्रणी ठरले. आपल्या कोकणातील बांधव ज्या मस्लकवर चालतात, त्याच मस्लकचे हे इमाम.

वैद्यकाच्या थोरवीबद्दलही शंका नको. इमाम गजाली (रह.) यांनी वैद्यकाला फर्ज-ए-किफाया मानले आहे. त्यांच्या काळी लोक फिक्हच्या वादविवादांकडे धाव घेत आणि कित्येक गावांत मुसलमान वैद्य मिळत नसे, याची त्यांनी कठोर शब्दांत तक्रार केली आहे.

गल्लत होते ती इथेच. फर्ज-ए-किफाया हे समाजावरचे कर्तव्य आहे. पुरेशा लोकांनी ते पार पाडले की बाकीच्यांवरचा भार उतरतो. तुमच्या मुलांचे संगोपन आणि वृद्ध आईची शुश्रूषा मात्र तुमच्याच नावावर लिहिलेली आहे. ज्यांचा सांभाळ आपल्याकडे आहे त्यांना वाऱ्यावर सोडणे एवढे पापही माणसाला पुरेसे आहे, असा हदीसचा आशय आहे. समाजाचे कर्तव्य पुढे करून घरचे कर्तव्य मागे ढकलता येत नाही. अर्थात जिथे स्त्रियांना तपासणारी एकही डॉक्टर नाही, तिथे गरजेचे वजन वाढते; तेही प्रामाणिकपणे मोजले पाहिजे.

हजरत सलमान फारसी (रजि.) आणि हजरत अबू दरदा (रजि.) यांचा प्रसंग तुम्ही ऐकला असेल. प्रेषितांनी (स.) या दोघांना भाऊ-भाऊ केले होते. सलमान (रजि.) भेटीस गेले तेव्हा अबू दरदा (रजि.) यांच्या पत्नी त्यांना उदास, साध्या वेशात दिसल्या. विचारल्यावर कळले, की पतीला या जगाशी काही देणेघेणेच उरलेले नाही. दिवसा रोजा, रात्री नमाज. सलमान (रजि.) यांनी त्यांना आग्रहाने जेवू घातले, रात्री झोपायला लावले, शेवटच्या प्रहरी दोघांनी नमाज अदा केली आणि मग सांगितले, की पालनकर्त्याचा, स्वतःचा व घरच्यांचाही तुमच्यावर हक्क आहे, ज्याचा हक्क त्याला द्या. प्रेषितांनी (स.) ही गोष्ट खरी असल्याची ग्वाही दिली.

ध्यानात घ्या, तिथे घरच्यांच्या हक्काआड आली होती ती उपासना. नफील इबादतीलाही जो हक्क आवर घालतो, तो शरीरशास्त्राच्या ग्रंथापुढे मुकाट बसेल काय?

आता हिशेब मांडा. एक वर्ष नीटची तयारी, साडेचार वर्षांचा अभ्यासक्रम, एक वर्षाची आंतरवासिता. पस्तिशीत आरंभ केला तर साडेएकेचाळीस. विशेषज्ञ व्हायचे तर आणखी तीन वर्षे. ही सर्व वर्षे तुमची एकट्याची नाहीत. आज सहावीत असलेली मुलगी तोवर बारावी ओलांडेल. तिच्या त्या संध्याकाळी तुम्ही खर्च करणार आहात. तेव्हा तिच्याशी बोलला आहात का?

एक गोष्ट मात्र स्पष्ट बोलली पाहिजे. घरातला पुरुष दहा-दहा वर्षे आखातात राहतो तेव्हा मुलांच्या हक्काचा प्रश्न फारसा कोणी काढीत नाही. सुनेने जीवशास्त्राचे पुस्तक उघडले की सर्वांना तो आठवतो. सलमान (रजि.) यांनी ज्याला थांबवले तो पती होता. हाच तराजू पतीलाही लावा, आणि पत्नी शिकत असताना स्वयंपाकघर कोण सांभाळणार हेही त्याच बैठकीत ठरू द्या.

पैशाचा प्रश्न याहून अवघड. सरकारी महाविद्यालयात जागा मिळाली तर मार्ग निघतो. खाजगी महाविद्यालयाचे शुल्क बहुतेक घरांना व्याजी कर्जाशिवाय झेपत नाही. अगतिकतेत मिळणाऱ्या सवलतीचा आधार इथे घेतला जातो. माझे मत असे, की हाताशी हलाल रोजी असताना मनातल्या इच्छेला अगतिकता म्हणणे धाडसाचे आहे. तुमच्या परिस्थितीविषयी जाणत्या आलिमला विचारा. पण विचारताना परिस्थिती आहे तशी सांगा, हव्या त्या उत्तराला साजेशी करून नव्हे.

कयामत येऊन ठेपली असली तरी हातातले रोप लावून टाका, ही हदीस अशा वेळी हमखास सांगितली जाते. सांगावीही. पण रोप आपल्या हातात असावे लागते. दुसऱ्याच्या वाफ्यातून उपटून आणलेल्या रोपाविषयी ती बोलत नाही.

इस्तिखारा करा. स्वप्नात संकेत दिसलाच पाहिजे, ही समजूत सोडा. त्याआधी एका रात्री घरच्यांना एकत्र बसवा, वर्षांचा आणि रुपयांचा हिशेब कागदावर मांडा आणि सर्वांत शेवटी स्वतः बोला. आई गप्प राहिली तर तिच्या गप्प राहण्याला लगेच होकार समजू नका. दुसऱ्या दिवशी तिला एकटीला पुन्हा विचारा.