गुणपत्रिका आणि परवाना

आपल्या मुलांना शिकविण्याचे ऋण एखाद्या राष्ट्राला इतरांची शिकलेली मुले आणून फेडता येते काय? अमेरिकेचे दोन कायदे शेजारी ठेवून पाहिले असता हा प्रश्न उभा राहतो. एक शालेय परीक्षांचा, दुसरा परदेशी कुशल कामगारांच्या परवान्यांचा.

आपल्या शाळा घसरत आहेत, असा इशारा तेथील एका सरकारी आयोगाने १९८३ साली दिला. पुढे २००२ साली ‘नो चाइल्ड लेफ्ट बिहाइंड’ हा कायदा झाला. तिसरी ते आठवीच्या मुलांची दरवर्षी वाचनाची व गणिताची परीक्षा घ्यावी आणि २०१४ पर्यंत प्रत्येक मूल प्रवीण ठरावे, असा त्याचा आग्रह होता. गरिबांच्या मुलांचे मागे पडणे शाळेच्या सरासरीआड झाकले जाऊ नये, हा हेतू निःसंशय चांगला होता. परंतु प्रावीण्याची रेषा आखण्याचे काम राज्यांकडे होते. कारवाईच्या भीतीने काही राज्यांनी ती रेषाच खाली आणली. ताप उतरेना म्हणून तापमापीवरील आकडे बदलावेत, तसे हे झाले. ध्येय गाठले गेले नाही आणि २०१५ साली त्या कायद्याची जागा दुसऱ्या कायद्याने घेतली.

दुसरीकडे, १९९० च्या कायद्याने एच-१बी परवान्यांची मर्यादा वर्षाला ६५,००० ठरविली. उद्योगांच्या मागणीवरून २००१ ते २००३ या वर्षांत ती १,९५,००० पर्यंत नेण्यात आली. १९९८ साली मात्र एक अर्थपूर्ण तरतूद झाली होती. मालकाने प्रत्येक अर्जामागे ५०० डॉलर भरावेत व त्यातून देशातील कामगारांचे प्रशिक्षण आणि विद्यार्थ्यांच्या शिष्यवृत्त्या चालाव्यात. बाहेरून माणूस आणल्याने घरच्या मुलाचे ऋण फिटत नाही, याची ही कबुलीच होती. सप्टेंबर २०२५ मध्ये नव्या अर्जांवर १,००,००० डॉलरचा आकार जाहीर झाला. त्याने दार अरुंद होईल. परंतु केवळ दार अरुंद केल्याने एकही मूल वाचायला शिकत नाही.

आता त्या दारातून आत गेलेल्यांकडे पाहू. या परवान्यांवरील दहांपैकी सुमारे सात जण भारतीय असतात. नोकरी सुटली, तर साधारणतः साठ दिवसांत दुसरा मालक शोधावा लागतो. नोकरीच्या आधारे मिळणाऱ्या ग्रीन कार्डांत एका देशाचा वाटा सामान्यतः सात टक्क्यांपुरता असल्याने भारतीयांची प्रतीक्षा दशकांवर जाते. आईवडिलांबरोबर गेलेले मूल तेथील शाळेत शिकते, त्याचे गुण शाळेच्या यशात मोजले जातात. आणि एकवीस वर्षांचे होताच ते आईवडिलांच्या अर्जावरील आश्रित उरत नाही. त्याला स्वतःचा परवाना मिळवावा लागतो, अन्यथा देश सोडावा लागतो. गुणांपुरते आपले आणि वास्तव्यापुरते परके, हा कोणता न्याय?

संत पोप जॉन पॉल दुसरे यांनी मानवी श्रमावरील १९८१ च्या परिपत्रकात याचा विचार केला आहे. उपजीविकेसाठी देश सोडण्याचा माणसाला हक्क आहे. त्याचे जाणे मायदेशाची हानी असते. आणि परक्या भूमीत त्याच्या हक्कांना उणेपण येता कामा नये, असे ते सांगतात. या तीन गोष्टींपैकी पहिली आपण आनंदाने स्वीकारतो, तिसरी अमेरिकेला ऐकवतो. दुसरीकडे मात्र आपले लक्ष जात नाही. ग्रामीण भारतातील पाचवीच्या मुलांपैकी सुमारे निम्म्यांना दुसरीचा उतारा वाचता येत नाही, हे २०२४ च्या ‘असर’ पाहणीत दिसले. जनतेच्या पैशावर काही मोजके विद्यार्थी जगाच्या बाजारपेठेला साजेसे घडवावेत आणि उरलेल्यांना अक्षरओळखीवर सोडावे, हेही ऋण बुडविणेच होय.

परीक्षा असावी, परवानाही असावा. मूल कोठे अडले आहे, हे कळून त्याला हात देता यावा यासाठी परीक्षा. कामगाराने सन्मानाने राहावे यासाठी परवाना. आपल्या धर्मग्रामांतील घराघरांत परदेशी गेलेल्या मुलाचे कौतुक होते, ते व्हावेच. त्याच आळीत वाचता न येणारे मूल असेल, तर त्याच्याही शिक्षणाचे आपण देणे लागतो.