शुद्धी, शुभ्रता आणि बाजार

वस्त्रशुद्धी हा धर्मशास्त्राचा जुना विषय आहे. मनुस्मृतीच्या पाचव्या अध्यायात द्रव्यशुद्धीचा, म्हणजे मळलेली किंवा विटाळलेली वस्तू पुन्हा व्यवहारयोग्य कशी करावी याचा, विचार येतो. रेशीम व लोकर खाऱ्या मातीने, डोंगरी कांबळी रिठ्याने आणि जवसाच्या धाग्याचे वस्त्र पांढऱ्या मोहरीने धुवावे, असे तेथे सांगितले आहे. त्याच अध्यायात कारागिराचा हात आणि विक्रीस मांडलेला माल नित्य शुद्ध मानला आहे. प्रत्येक वस्तू कोणाच्या हातून आली याचा शोध घेत बसल्यास व्यवहारच खुंटेल, ही जाणीव या सवलतीमागे असावी.

त्या माती-रिठ्याची जागा पुढे बाजारातील पावडरीने घेतली. 1959 मध्ये सर्फ आणि 1969 मध्ये अहमदाबादेत स्वस्त निरमा आल्यावर धुण्याच्या पावडरीने देशभर घराघरांत प्रवेश केला, तरी प्रांतोप्रांतीचे भेद मावळले नाहीत. उत्तरेकडे कानपूरच्या घडीने जम बसवला, तर पांढरे मुंडू, म्हणजे धोतरासारखे वस्त्र, नेसणाऱ्या केरळात उजाला ही नीळ रुजली. पाण्यानेही निवड बदलते. साबण तेल किंवा चरबी आणि अल्कली यांपासून बनतो व जड पाण्यात, म्हणजे कॅल्शियम-मॅग्नेशियमचे क्षार विरघळलेल्या पाण्यात, त्याचा साका होतो. पावडरीतला, खनिज तेलापासून बनणारा डिटर्जंट तेथेही फेसाळतो, म्हणून बोअरच्या पाण्यावर धुणाऱ्या घरांना तो सोयीचा वाटतो. महिन्याचा किराणा एकदम भरणारे घर किलोची पिशवी घेते आणि रोजंदारीवरचे घर त्या दिवसापुरती पुडी घेते. म्हणजे कपड्याच्या शुभ्रतेत प्रांत, पाणी आणि मिळकत यांचाही वाटा असतो.

मग शुभ्रता हीच शुद्धी मानावी काय? सोवळ्याच्या आचाराने याचे उत्तर नकारार्थी दिले होते, कारण परटाने कितीही पांढरे धुतलेले धोतर पूजेला चालत नसे आणि घरी पिळून कोणाचा स्पर्श होऊ न देता वाळवलेले जुनेर चालत असे. शुद्धी डोळ्यांना दिसणाऱ्या रंगापलीकडची आहे, हा त्यातील विचार मोलाचा होता. परंतु ज्याने सर्वांचा मळ काढला त्यालाच खालचे ठरवून त्या आचाराने घोर अन्याय केला. परीट समाजात 1876 मध्ये जन्मलेल्या गाडगे महाराजांनी हाती खराटा घेऊन गावे झाडली, तेव्हा मळ काढणे हेच धर्मकार्य होय, हे त्यांनी कृतीने सिद्ध केले.

आज हा विचार आणखी पुढे न्यावा लागेल. वस्त्रातून निघालेला मळ पावडरीसह गटारात आणि तेथून नदीत जातो. काही पावडरींतील फॉस्फेट जलपर्णीला खत ठरते, आणि आळंदीला वारकरी ज्या इंद्रायणीत स्नान करतात तिच्यावर सांडपाण्याचा व कारखान्यांच्या रसायनांचा फेस तरंगताना वारंवार दिसला आहे. बाजारातील माल शुद्ध मानण्याची सवलत ज्या काळी दिली गेली, तेव्हा धुण्याचे द्रव्य रिठा आणि माती होते. आता ती जशीच्या तशी घेता येणार नाही. आपला मळ दुसऱ्याच्या माथी किंवा पाण्यात ढकलून मिळवलेली शुभ्रता धर्माच्या कसोटीला उतरत नाही, आणि म्हणून पावडर निवडणे व ती बेताने वापरणे हाही आजच्या शौचधर्माचाच भाग मानला पाहिजे.