संशयी गुरू आणि निष्ठावंत शिष्य

एका वाचकाने आम्हास पत्र लिहून एक शंका विचारली आहे. त्यांचे शेजारी मोठे भाविक गृहस्थ. नित्यनेम कधी चुकला नाही. गेल्या पावसाळ्यात त्यांचा तरणा मुलगा बापाच्या सांगण्यावरून ओढ्यापलीकडची गाय आणायला गेला, तो परत आलाच नाही. तेव्हापासून हे गृहस्थ म्हणतात, "देव असता तर असे झाले नसते." पत्रकर्ते विचारतात, अशा माणसापाशी बसावे की नाही? त्याच्या बोलण्याने आपलाही निश्चय ढळला तर?

हे वाचताच आम्हास यहुदी लोकांच्या तालमूद ग्रंथातील एक कथा आठवली. यहुदी हे एकाच निराकार देवाचे उपासक. तोरा हा त्यांचा मूळ धर्मग्रंथ, आणि तालमुदात त्यावर पिढ्यान्‌पिढ्या झालेली चर्चा साठवलेली आहे. सुमारे १९०० वर्षांपूर्वी त्यांच्यात एलिशा बेन अबुया नावाचा थोर पंडित होऊन गेला. तोरामध्ये दोन आज्ञा अशा आहेत, की त्या पाळणारास दीर्घायुष्याचे वचन दिलेले आहे. एक, आईबापांचा मान राखावा. दुसरी, घरट्यातील पिले घ्यायची तर आधी पक्षिणीला सोडून द्यावे. एका बापाने मुलाला सांगितले, वर चढ आणि पिले घेऊन ये. पोर चढले, पक्षिणीला उडवून लावले, पिले घेतली. एका दमात दोन्ही आज्ञा पाळल्या, आणि उतरताना पडून मेले! एलिशाने हे पाहिले आणि त्याचा विश्वास उडाला, असे एक परंपरा सांगते. दुसरी म्हणते, रोमन सत्तेच्या छळात मेलेल्या एका विद्वानाची जीभ मातीत ओढली जाताना त्याने पाहिली. कारण कोणतेही असो, दुखणे एकच.

पंडितांनी मग त्याचे नावही टाकले. त्याला 'आखेर' म्हणू लागले, म्हणजे 'तो दुसरा', परका. पण त्याचा शिष्य मेईर त्याच्यापाशी शिकतच राहिला. हे त्याला कसे चालले, असा प्रश्न तालमुदात आहेच. उत्तरात डाळिंबाचा दाखला दिला आहे: मेईरने दाणे खाल्ले, साल टाकून दिली.

पुढचा प्रसंग फार हृद्य आहे. शब्बाथ म्हणजे शनिवारचा पवित्र विश्रांतीचा दिवस. त्या दिवशी घोड्यावर बसू नये, गावाबाहेर दोन हजार हातांपलीकडे जाऊ नये, असा नियम. आखेर नियम मोडून घोड्यावर चाललेला, आणि मेईर मागोमाग पायी चालत त्याचे शिकवणे ऐकतो आहे. एके ठिकाणी आखेर म्हणाला, आता मागे फीर; घोड्याची पावले मी मोजीत होतो, तुझी हद्द येथे संपली. मेईर म्हणाला, तुम्हीही फिरा. हिब्रू भाषेत मागे फिरणे आणि पश्चात्ताप करणे यांना एकच शब्द आहे. आखेर फिरला नाही. आपल्यापुरते ते दार बंद झाले, असे तो धरून बसला होता.

वाचकहो, येथे घटकाभर थांबू या. ज्याने स्वतः नियम सोडला, तोच शिष्याचा नियम मोडू नये म्हणून पावले मोजीत होता! याला नास्तिक्य म्हणावे, की देवावरचा रुसवा? आम्हास तर निवाडा करवत नाही.

यहुदी परंपरेत देवाशी भांडणे नवे नव्हे. सदोम नगर जाळू नये म्हणून अब्राहामाने देवाशी घासाघीस केली आणि पन्नास पुण्यवंतांवरून बोलणे दहांवर आणले. याकोब रात्रभर झुंजला, लंगडत निघाला, आणि 'इस्राएल' हे नाव त्याला त्या झुंजीतूनच मिळाले. ईयोबाची मुले मेली, संपत्ती गेली, अंगभर फोड आले. त्याचे तीन मित्र आले आणि सात दिवस मुकाट्याने जमिनीवर त्याच्याजवळ बसले. तेथवर ठीक होते. मग ते बोलू लागले, की तुझेच काही पाप असले पाहिजे. शेवटी देव रागावला तो या समजूत घालणारांवर. तक्रार करणारा ईयोब खरे बोलला, असे देवाने म्हटले. म्हणूनच यहुदी रीतीत सुतकातल्या माणसाने तोंड उघडल्यावाचून भेटायला आलेल्याने बोलू नये.

आता निश्चयाविषयी. तो कसा येतो, यावर त्यांच्या पंडितांतही एकमत नाही. बाराव्या शतकातील येहुदा हालेवी 'कुझारी' ग्रंथात पूर्वजांच्या साक्षीवर भर देतो: मिसरच्या दास्यातून सुटलेल्यांनी जे पाहिले, ते बापाने लेकाला सांगितले. १२०४ साली वारलेला वैद्य आणि तत्त्वज्ञ मायमोनिडीज म्हणतो, बुद्धीने देवाला जाणावे. पण तो काय नाही, एवढेच आपल्याला सांगता येते. हसदाई क्रेस्कास याने १४१० साली पुरा केलेल्या ग्रंथात म्हटले, की विश्वास हुकमाने येत नाही, तो इच्छेच्या हाती नाही. या क्रेस्कासचा एकुलता मुलगा १३९१ साली बार्सिलोनाच्या कत्तलीत मारला गेला होता. तरी त्याने धर्म सोडला नाही. पण विश्वास कोणावर लादता येत नाही, हे तो जाणून होता.

निश्चय डळमळला तरी आचार माणसाला सावरतो. आपल्या कोकणातील बेने इस्राएल, ज्यांना 'शनवार तेली' म्हणत, ते हिब्रू विसरले, ग्रंथही उरले नाहीत; पण शनिवारी घाणा बंद ठेवणे आणि 'शेमा' ही प्रार्थना म्हणणे त्यांनी सोडले नाही. एकोणिसाव्या शतकात त्यांनी आपली आख्याने मराठी कीर्तनातूनही गायिली.

येथे कोणी म्हणेल, एवढ्याने दुःखाचे उत्तर मिळाले काय? नाही मिळाले. दुसऱ्या महायुद्धात हिटलरच्या राजवटीने सुमारे साठ लाख यहुदी मारले. त्यानंतर कित्येकांचा विश्वास गेला, तो गेलाच. एली वीझेल हा लेखक १९४४ साली पोरवयात आउशविट्झच्या छळछावणीत होता. त्याने सांगून ठेवले आहे, की तेथे काही विद्वानांनी देवावर खटला चालवला, देव आमचे देणे लागतो असा निकाल दिला, आणि मग सगळे प्रार्थनेला उठले.

तेव्हा पत्रकर्त्यांनी शेजाऱ्यापाशी जरूर जाऊन बसावे. कर्मफळाची मीमांसा बरोबर नेऊ नये. त्यांनी देवाला बोल लावला तर ऐकून घ्यावा. ते उद्या भजनाला येतील, असे आश्वासन आम्ही देत नाही. आखेर परतला नव्हता. पण त्याच्याबरोबर चालून मेईर बिघडला नाही. आणि एक गोष्ट सांगावीशी वाटते. 'पिर्के आवोत' या नीतिवचनांच्या संग्रहात आखेरचे एक वचन आजही आहे, आणि ते त्याच्या खऱ्या नावाने, एलिशा बेन अबुया म्हणूनच दिलेले आहे.