पहिल्या आवृत्तीची साक्ष

एडवर्ड डेव्हिडसन या लष्करी अभियंत्याने हिंदुस्थानातल्या रेल्वेवर लिहिलेले इंग्रजी पुस्तक १८६८ साली लंडनमध्ये निघाले. मुंबईहून निघालेला लोहमार्ग आणि कलकत्त्याकडून येणारा लोहमार्ग यांची तेव्हा गाठ पडायची होती. ती जबलपूरला पडली १८७० साली. आज आपल्याला सहज ठाऊक असलेली ही गोष्ट लेखकाला ठाऊक असणे शक्यच नव्हते. आणि म्हणूनच या पुस्तकाची मूळ प्रत मला मोलाची वाटते. पुढे काय घडले हे माहीत असलेला इतिहासकार नकळत सगळे सुसूत्र करून सांगतो. काम अर्ध्यावर असताना लिहिणाऱ्याला ती सोय नसते.

आता बाजारात न मिळणारी रेल्वे-इतिहासाची पुस्तके पहिल्या आवृत्तीत शोधणारे लोक आहेत. नवे, सुबक पुनर्मुद्रण उपलब्ध असताना पिवळ्या पानांसाठी एवढी पायपीट कशाला, असे त्यांना विचारले जाते. त्याचे उत्तर बोरघाटात सापडते. ग्रेट इंडियन पेनिन्सुला (जीआयपी) रेल्वेने हा घाट १८६३ साली वाहतुकीला खुला केला. चढ इतका अवघड होता की खंडाळ्याजवळ गाडी थांबवायची, इंजिन दुसऱ्या टोकाला जोडायचे आणि उलट्या दिशेने पुढचा चढ चढायचा, अशी व्यवस्था करावी लागली. १९२९ साली नव्या मार्गाने ती संपवली. मॅकजॉर्ज या अभियंत्याचा भारतातल्या सार्वजनिक बांधकामांवरचा ग्रंथ १८९४ साली प्रसिद्ध झाला, तेव्हा गाड्या खंडाळ्याला रोज अशाच दिशा बदलत होत्या. आपल्याला जो अवशेष वाटतो, तो त्या ग्रंथाच्या काळात चालता व्यवहार होता. रेल्वेच्या शताब्दीनिमित्त १९५३ साली निघालेला जे. एन. साहनींचा ग्रंथ हाती घेतानाही हेच ध्यानात ठेवावे लागते. चित्तरंजनच्या कारखान्यात वाफेची इंजिने बनू लागून तेव्हा जेमतेम तीन वर्षे झाली होती. वाफ हे तेव्हा देशाचे उद्याचे बळ होते.

मराठीही या बाबतीत मागे नव्हती. बोरीबंदर ते ठाणे गाडी धावली १६ एप्रिल १८५३ रोजी, आणि लगेच १८५४ मध्ये कृष्णशास्त्री भाटवडेकरांचे ‘लोखंडी रस्त्यांचे संक्षिप्त वर्णन’ आले. बोरघाट खुला झाला त्याच १८६३ साली गोविंद नारायण माडगांवकरांचे ‘मुंबईचे वर्णन’ प्रसिद्ध झाले. नवे यंत्र दारात उभे असताना आपल्या माणसांनी आपल्या भाषेत त्याची ओळख कशी करून घेतली, हे अशा पुस्तकांतूनच कळते.

संगणकावर पुष्कळ जुनी पुस्तके आता फुकट वाचता येतात, ही फार मोठी सोय झाली. पण रेल्वेच्या पुस्तकात घडी घालून चिकटवलेले नकाशे असतात, चढउतारांचे लांबलचक आलेख असतात, पुलांचे आराखडे असतात. घाईने केलेल्या स्कॅनमध्ये ती घडी पुष्कळदा उघडलेलीच नसते. नेमका ज्या पानावर मार्ग दिसायचा, तिथे कोऱ्या कागदाची पाठ दिसते. बाइंडरने कडा कापल्या की समासातल्या नोंदी जातात, जुने कव्हर फेकले की ग्रंथालयाचा शिक्का जातो आणि शेवटची जाहिरातींची पाने काढली की त्या काळचा बाजार जातो. मजकूर तेवढा उरतो आणि पुस्तकाची निम्मी साक्ष नाहीशी होते.

म्हणून असा संग्रह करणाऱ्याला मी हौशी म्हणणार नाही, राखणदार म्हणेन. मात्र राखण करायची तर ती नीट करावी. फाटक्या पानाला चिकटपट्टी लावू नये, लॅमिनेशन तर मुळीच करू नये. घडीचा नकाशा सावकाश उघडावा, पुस्तक ओल आणि ऊन यांपासून दूर ठेवावे. प्रत कुठून आली, कोणाकडे होती, ते वेगळ्या चिठ्ठीवर लिहून ठेवावे. आणि अभ्यासक दारात आला तर त्याला ती जरूर दाखवावी, कारण कुलूपबंद पुस्तक कोणाचीच साक्ष देत नाही.

आपल्यापैकी अनेकांच्या घरी आजोबा-पणजोबा रेल्वेत होते. त्यांच्या ट्रंकेत एखादे जुने वेळापत्रक, नियमपुस्तिका किंवा शताब्दीचा ग्रंथ असू शकतो. रद्दीवाल्याला हाक मारण्याआधी ती ट्रंक एकदा उघडून पाहा. सांभाळणे जमणार नसेल, तर जवळच्या चांगल्या ग्रंथालयाला किंवा एखाद्या जाणत्या संग्राहकाला विचारा. रद्दीत गेलेली प्रत कदाचित शेवटचीच असेल.